वेल्डिंगचा स्पीड ४०० येऊन राहिला, मग दिवसाला १८० मीटर काऊन नाही होत?

हिंगणा_सुपरवायझर
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांपासून इथले धागे वाचतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो, चूकभूल सांभाळून घ्या.

हिंगणा एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे, मी तिथं सुपरवायझर. सध्या शेडचे बिल्टअप बीम (पट्ट्या जोडून केलेले) चालू आहेत, १० मिमीची वेब (मधली उभी पट्टी), १२ ची फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी), ड्रॉइंगवर ६ मिमी फिलेट (कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड), कंटिन्युअस. सीओटू मशीन (गॅस आणि आपोआप सरकणारी वायर), १.२ मिमीची वायर, २६० अँपिअर आणि २७ व्होल्टच्या आसपास चालवतो.

मालकांनी सांगितलं की एका वेल्डरकडून दिवसाला किती मीटर निघाले पाहिजे ते काढून द्या, त्याच्यावर मीटरचा रेट ठरवू. मी टेबलावर एक तुकडा लावला, ३०० मिमीवर खडूच्या दोन खुणा केल्या आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. ४५ सेकंद. म्हणजे मिनिटाला ४०० मिमी. तीनदा केलं, ४४, ४५, ४६ असं आलं, म्हणजे माप तर बरोबरच आहे. शिफ्ट साडेआठ तासांची, जेवण आणि दोन चहा काढले की साडेसात तास उरतात, म्हणजे ४५० मिनिटं. ४५० गुणिले ०.४ म्हणजे १८० मीटर.

आणि रोज होतात ४६.

आता मालक म्हणतात की वेल्डर टाइमपास करतो, रेट कापा. वेल्डर दादा पन्नाशीचे आहेत, माझ्या आधीपासून त्या शॉपमध्ये आहेत, मी त्यांना कधी रिकामं बसलेलं पाहिलं नाही. पण ४०० चा आकडा तर मीच दिलाय ना, माझ्याच कागदावरून त्यांचा पगार कापला जाईल हे मनातून जात नाही. कुठं चुकून राहिलं सांगा.

बुटीबोरीचा_फिटर
भाऊ, ४५० मिनिटं कोणाचाच आर्क (म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग) चालू नसतो. ४६ भागिले ०.४ म्हणजे ११५ मिनिटं आर्क चालला, ४५० पैकी ११५ म्हणजे २६ टक्के. हातानं करायच्या कामात पाऊण दिवस बीम पलटवणे, घासणे, केबल ओढणे यातच जातो. रॉडच्या (हातानं धरायच्या इलेक्ट्रोडच्या) कामात तर २०-२५ टक्के पण लोक चांगलं मानतात. मालकांना हे २६ टक्के दाखवा, विषय संपला.

स्पॅटर
एवढा हिशोब कशाला, वायर फीड वाढवा, ३०० अँपिअरवर टाका आणि हात पळवा. स्पीड ५०० झाला की मीटर आपोआप वाढतात.

क्यूसी_ताई
@स्पॅटर दादा, असं नका सांगू, कोणी खरंच करेल. मी इन्स्पेक्शनला जाते, असे पळवलेले बीम रोज बघते. हात पळवला की फ्लँजच्या कडेला अंडरकट (खाच), वेल्ड दोरीसारखा वर उभा, आणि लेग (फिलेटच्या बाजूची लांबी) एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ७. मग तो गाऊज करा (खरवडून काढा), परत भरा, परत घासा. त्या मीटरला तुम्ही तीनदा पगार दिलात.

आणि उलटं पण खरं आहे, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हात फार हळू चालला तर वितळलेलं लोखंड आर्कच्या पुढे पळतं आणि आर्क प्लेटवर न पडता त्या डबक्यावर पडतो. वरून वेल्ड जाडजूड, भरगच्च दिसतो आणि मुळात पेनेट्रेशनच (प्लेटमध्ये आत वितळणं) नसतं. म्हणून स्पीड मोजायचा तो दोन्ही टोकं सांभाळायला.

@हिंगणा_सुपरवायझर, मोजायची पद्धत तुमची बरोबर आहे, दोन गोष्टी सांभाळा. सुरुवातीचे आणि शेवटचे ५० मिमी धरू नका, स्टार्टला हात थांबतो आणि शेवटी क्रेटर (खळगा) भरतो. आणि वेल्डर हात डावी-उजवीकडे हलवत असेल तरी लांबी जोडाच्या रेषेवरचीच धरायची, झिगझॅगची नाही.

पण मला एक सांगा, तुम्ही टेबलावरच्या तुकड्यावर मोजलं म्हणालात. बीमवर मोजलं का?

हिंगणा_सुपरवायझर
नाही ताई, बीमवर नाही मोजलं. बीमवर क्रेन चालू असते, मध्ये उभं राहता येत नाही, म्हणून टेबलावर घेतलं. पण मशीन तेच, सेटिंग तेच, वेल्डर पण तेच दादा.

आयटीआय_गुरुजी
बाळा, मग ४०० हा टेबलाचा स्पीड आहे, बीमचा नाही. बुटीबोरीच्या भाऊंनी काढलेले २६ टक्के पण त्याच ४०० वर उभे आहेत, त्यामुळे ते आत्ताच मालकांसमोर ठेवू नकोस. ४०० चुकला तर ते पण चुकले.

माझं ऐक, वायर तोल. स्टॉपवॉच घेऊन पाठीमागे उभं राहिलं की वेल्डर कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा हात बदलतो, मी ३० वर्षं पोरं शिकवली, परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचा हात बदलतो. वायरच्या वजनाला कोण बघून राहिलं याच्याशी घेणंदेणं नाही.

सकाळी स्पूल (वायरची रीळ) काट्यावर ठेव, संध्याकाळी ठेव, फरक लिही. स्पूलचं स्वतःचं वजन वजाबाकीत निघून जातं. मग वायर फीड मोज. गन जॉबपासून लांब धरून, तोंड कोणाकडे नाही हे बघून, १५ सेकंद ट्रिगर दाब आणि बाहेर आलेली वायर टेपनं माप, गुणिले ४. वायरमध्ये करंट असतो तेव्हा कशालाही टेकू देऊ नकोस, आणि मापताना ती कापून घे. इंचिंगच्या (वायर नुसती पुढे सरकवायच्या) बटणावर भरवसा ठेवू नको, बऱ्याच मशीनमध्ये त्याचा वेग वेगळा असतो.

१.२ च्या वायरचं एका मीटरचं वजन ८.९ ग्रॅमच्या आसपास येतं (जाडीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मिमी गुणिले लोखंडाचे ७.८५). हे दोन आकडे आण, बाकीचं आपण इथंच काढू.

आणि आर्क किती वेळ चालतो ते पण वेगळ्या रस्त्यानं बघ. दर १० मिनिटांनी नुसता चालत जा आणि त्या क्षणी जे चालू असेल त्याची वहीत एक रेघ मार, आर्क, ग्राइंडिंग, क्रेन, जे असेल ते. दिवसाच्या ४५ रेघा होतात. एका दिवसावर विश्वास ठेवू नको, पाच-सहा दिवस कर. आणि वेल्डरला आधी सांगून कर, लपून नाही.

कोराडी_शटडाऊन
गुरुजींनी बरोबर पकडलं. आम्ही रॉडवाले हेच काम वेगळ्या पद्धतीनं करतो, लिहून ठेवतो, कोणाच्या कामी येईल. कोराडीला ६६० मेगावॅटच्या संचांवर शटडाऊनला काम केलंय, तिथं बॉयलरच्या ट्यूबमध्ये स्टॉपवॉच घेऊन कोण उभं राहणार, जागाच नसते. म्हणून एका रॉडमध्ये किती लांबीचा वेल्ड पडला ते मोजायचं. ३.१५ मिमीचा ७०१८ नंबरचा रॉड, १२० अँपिअर, समजा रॉड ८५ सेकंदांत संपला आणि वेल्ड १९० मिमी पडला. १९० भागिले ८५ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १३४ मिमी. २४ व्होल्ट धरले तर हीट इनपुट (वेल्डच्या लांबीमागे जाणारी उष्णता) = २४ × १२० × ६० भागिले (१३४ × १०००), म्हणजे मिमीला १.२९ किलोज्यूल.

रॉड तोच आणि करंट तोच असेल तर जळायला वेळ साधारण तेवढाच लागतो, त्यामुळे नुसती लांबी बघून पण कळतं. १९० चे १४० झाले म्हणजे हात हळू झाला आणि हीट वाढली. एएसएमई सेक्शन ९ (बॉयलरच्या कामाचा अमेरिकन वेल्डिंग कोड) मध्ये पण रॉडच्या लांबीमागे वेल्डची लांबी बघायची ही पद्धत चालते. स्टब (रॉडचे उरलेले तुकडे) सगळे सारखे फेका बस, ५० मिमीचे, कोणी ८० चा फेकला की हिशोब गेला.

बुटीबोरीचा_फिटर
एक विषयाबाहेरची गोष्ट, पण मे महिना आहे म्हणून लिहितो. कूलर कुठं ठेवलाय ते बघा. आमच्याकडे ४५ डिग्रीला पोरांनी डेझर्ट कूलर थेट जॉबवर वळवला, बिचाऱ्यांचा काय दोष, टीनच्या शेडखाली जॅकेट घालून कोण उभं राहील. पण त्या वाऱ्यानं गॅस उडून गेला आणि अख्ख्या दुपारच्या वेल्डमध्ये मुंगीच्या वारुळासारखी छिद्रं. दोन दिवस घासण्यात गेले. आता कूलर वेल्डरच्या पाठीमागून खांद्याच्या वर वारा जाईल असा लावतो आणि मध्ये ताडपत्री बांधतो.

क्यूसी_ताई
हो, डी१.१ (स्टीलच्या बांधकामाचा अमेरिकन वेल्डिंग कोड) मध्ये गॅसच्या वेल्डिंगला वाऱ्याची मर्यादा ताशी ८ किमीच आहे, म्हणजे झुळूकच. पण कूलर काढून घेऊ नका हो कोणी, उष्माघात झाला तर मीटर काय मोजणार.

हिंगणा_सुपरवायझर
आठ दिवसांनी येऊन राहिलो, माफ करा. लोकमान्य नगरहून मेट्रोत बसलोय, वही मांडीवर आहे, टाईप करतो.

दादांना आधीच सांगितलं की हे तुमच्यासाठी करून राहिलो. ते म्हणाले करा, मला काय भीती.

वायर फीड: १५ सेकंदांत २ मीटर, म्हणजे मिनिटाला ८ मीटर. चारदा मापली, तेवढीच.

स्पूल: स्टोअरमधला इलेक्ट्रॉनिक काटा उचलून मशीनजवळ आणला. सकाळी १५.८ किलो, संध्याकाळी २.४. म्हणजे १३.४ किलो गेली. त्या दिवशी मीटर ४६.

वही: पाच दिवसांच्या २२५ रेघा. आर्क ९२, क्रेनची वाट आणि बीम पलटवणे ५१, ग्राइंडिंग आणि स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब) काढणे ३८, जागा बदलणे आणि केबल ओढणे १९, टिप-नोझल-स्पूल १४, पाणी पिणे आणि बसणे ११.

२२५ मध्ये ११ वेळा बसलेले दिसले, या उन्हात. हा आकडा मी मालकांना सगळ्यात आधी दाखवणार आहे.

पण मला कळून नाही राहिलं, ९२ म्हणजे ४१ टक्के होतात, आणि वर भाऊंनी २६ काढले होते. दोन्ही कसं खरं?

आयटीआय_गुरुजी
शाब्बास, असं काम पाहिजे. आता नीट बघ.

मिनिटाला ८ मीटर गुणिले ८.९ ग्रॅम म्हणजे ७१ ग्रॅम वायर. १३.४ किलो भागिले ७१ ग्रॅम म्हणजे १८९ मिनिटं. ४५० पैकी १८९ म्हणजे ४२ टक्के. तुझ्या वहीत ४१ आले. दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलो आणि एकाच ठिकाणी पोचलो, म्हणजे ४१-४२ खरे. २६ खोटे, कारण ४०० खोटा.

बीमवरचा खरा स्पीड म्हणजे ४६ मीटर भागिले १८९ मिनिटं, मिनिटाला २४३ मिमी.

आता खरी गोष्ट पुढे आहे. ६ मिमी फिलेटचं क्षेत्रफळ ६ × ६ भागिले २, म्हणजे १८ चौरस मिमी. थोडा फुगवटा धरून १० टक्के वाढव, २० च्या आसपास. मीटरला १५५ ग्रॅम लोखंड बसायला पाहिजे. सीओटूमध्ये स्पॅटर वगैरे जाऊन वायरपैकी ९२ टक्के जोडात बसते असं धरू, म्हणजे मीटरला १६९ ग्रॅम वायर. तुझी किती गेली? १३.४ किलो भागिले ४६, मीटरला २९१ ग्रॅम!

हे २९१ उलटे फिरवले तर क्षेत्रफळ फुगवटा काढून ३१ चौरस मिमी येतं, म्हणजे लेग जवळजवळ ८ मिमी. ड्रॉइंगवर ६ आणि बीमवर ८. ऐकायला दोनच मिमी आहेत, पण ६ चा वर्ग ३६ आणि ८ चा ६४, म्हणजे पाऊणपट जास्त लोखंड. तेवढं लोखंड घालायला हात हळूच चालणार, मशीन तर मिनिटाला तेवढीच वायर देते.

आता फिलेट गेज (लेग मापायच्या पात्या) घेऊन जा आणि बघ. आणि बघितल्यावर दादांना रागावू नकोस, आधी विचार.

स्पॅटर
बापरे. मी तर अँपिअर वाढवायला सांगत होतो. गुरुजी, हा हिशोब सेव्ह करून ठेवला.

क्यूसी_ताई
याच्यात अजून एक भर, हीट इनपुटची. २७ × २६० × ६० भागिले १०००, त्याला स्पीडनं भागा. ४०० ला मिमीमागे १.०५ किलोज्यूल, २४३ ला १.७३. तुमच्या फ्लँजा छत्रीसारख्या वाकत असतील आणि नंतर गॅस लावून सरळ करत असाल, तर तो वेळ पण याच खात्यात लिहा. (युरोपच्या पद्धतीत याला ०.८ नं गुणतात, दोन्ही आकड्यांची तुलना करताना एकच पद्धत धरा.)

आणि गुरुजी म्हणतात तसं, विचारा. २२५ मध्ये ९२ वेळा आर्कवर असलेला माणूस उगाच जास्तीचं लोखंड भरणार नाही. फिटअपमध्ये (वेल्डच्या आधी पट्ट्या जुळवताना) गॅप आहे का बघा.

हिंगणा_सुपरवायझर
ताई, तुम्ही शॉपमध्ये येऊन बघून गेल्यासारखं लिहिलं.

आज सकाळी ६ च्या शिफ्टला गेलो. गेजची ६ ची पाती लावली तर बसतच नाही, खाली उजेडच उजेड. ८ ची पाती बीमच्या मधल्या भागात बरोबर बसली, टोकांना ७. मग टॅक (वेल्डचे छोटे टाके) मारून ठेवलेला पुढचा बीम बघितला. टोकांना वेब आणि फ्लँज एकदम चिकटून, आणि मधल्या अडीच-तीन मीटरमध्ये गॅप, २ ते अडीच मिमी. बॅटरी एका बाजूनं मारली तर दुसऱ्या बाजूला प्रकाशाची सरळ रेघ दिसली.

दादांना विचारलं. ते ग्लोव्ह काढत शांतपणे म्हणाले, "साहेब, मी तर होळीपासून सांगून राहिलो, वेबमध्ये गॅप येतो म्हणून. तो भरूनच पुढं जावं लागते ना. वरून ६ चा मारला तर आत काय राहते?"

होळीला मी नव्हतो इथं, आधीच्या सुपरवायझरला सांगितलं असेल. पण मी पण दोन महिन्यांत एकदा विचारलं नाही.

क्यूसी_ताई
दादांचं अगदी बरोबर आहे, आणि कोड पण तेच म्हणतो. डी१.१ प्रमाणे फिलेटच्या जोडात २ मिमीपेक्षा जास्त गॅप असेल तर जेवढा गॅप तेवढा लेग वाढवायचा. ६ अधिक २-अडीच म्हणजे ८-साडेआठ. कोडचं पुस्तक हातात नसताना त्या माणसानं ते पाळलं. तो रेट कापायचा विषय आता बंद करा, प्लीज.

बुटीबोरीचा_फिटर
टोकांना चिकट आणि मध्ये गॅप म्हणजे पट्टी तलवारीसारखी वाकलीय. पग मशीननं (रुळावर चालणाऱ्या गॅस कटरनं) कापता ना? एकच टॉर्च लावून आधी एक कड कापत असाल आणि मग दुसरी. एका कडेला गरमी लागली की पट्टी वाकते, आमच्याकडे हेच झालं होतं. दोन टॉर्च लावा, दोन्ही कडा एकाच वेळी कापा, दोन्हीकडे सारखी गरमी. आणि सलग कापू नका, दर मीटर-दीड मीटरला बोटभर ब्रिज (न कापलेला भाग) सोडा, प्लेट थंड झाली की मग तो तोडा. दुसरा टॉर्च आणि आडवी दांडी लोहाओळीत (नागपूरच्या लोखंड बाजारात) मिळून जाईल.

फिटअपला पण पाचर मारून दाबून मगच टॅक मारा. नुसतं ठेवून टॅक मारला की टॅकच गॅप धरून ठेवतो.

हिंगणा_सुपरवायझर
मंडळी, तीन आठवडे झाले, शेवटचे आकडे टाकून जातो.

मालकांसमोर वही, काट्याची चिठ्ठी आणि गेज तिन्ही ठेवलं. त्यांनी स्वतः येऊन पाती लावून बघितली, काही वेळ बोलले नाहीत, मग दुसऱ्या टॉर्चचे पैसे काढून दिले. रेट कापायचं नाव नंतर निघालं नाही.

दोन टॉर्चनं कापलेल्या पट्ट्या पहिल्याच दिवशी सरळ नाही आल्या, ब्रिज लवकर तोडून टाकत होतो. थंड होऊ द्यायला लागल्यावर गॅप १ मिमीच्या आत आला. आता लेग साडेसहाच्या आसपास बसतो, गेजवर ६ पास आणि थोडं वर. काल ६१ मीटर झाले. वायर १२.१ किलो, म्हणजे मीटरला १९८ ग्रॅम, आधी २९१ होती. मिनिटं काढली तर १७०, म्हणजे आर्क ३८ टक्के, आधीपेक्षा कमीच! स्पीड ३५९. दादा आधीपेक्षा कमी वेळ आर्कवर होते आणि १५ मीटर जास्त झाले. फ्लँज सरळ करायचं काम पण अर्ध्यावर आलं, ते अजून नीट मोजलं नाही.

आता क्रेनची वाट बघण्यात जे ५१ गेले होते तिकडे वळतो, एकच क्रेन आहे, बीम पलटवायला साधं रोटेटिंग फिक्स्चर करता येईल का बघून राहिलो, त्याचा वेगळा धागा काढीन.

कोराडी_शटडाऊन
खूप छान वाटलं भाऊ वाचून. एक विचारायचं, गॅप १ मिमीच्या आत आहे हे रोज कोण बघतो? फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या) दिलं का फिटरला?

हिंगणा_सुपरवायझर
फीलर गेज दिलं होतं, दोन दिवसांत पाती मुडपल्या. मग दादांनीच सांगितलं, १.२ च्या वायरचा वीतभर तुकडा सरळ करून खिशात ठेवायचा. टॅक मारायच्या आधी जोडात घालून बघायचा, तुकडा आत गेला की फिटरला हाक मारायची, नाही गेला की मशीन चालू. आता दोन्ही फिटरच्या खिशात तोच असतो.